लॅम्पशेडचा पहिला उजेड

३ नोव्हेंबर, सोमवार

आजपासून डायरी. ठराव: रोज लिहिणे, खरं लिहिणे, कुणाला न दाखवणे.

निवृत्त होऊन तीन महिने झाले. रत्नमालाचं (पत्नी) म्हणणं असं, की मी दिवसभर स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून 'आता काय करतेस' असं विचारतो, आणि त्यामुळं तिची भाजी करपते. भाजी आधीही करपायची. पण वाद नको. ठराव दुसरा: कला.

कोणती कला, ते दुपारीच ठरलं. मोबाइलवर एक बाई कापडाची लॅम्पशेड बनवताना दिसली. अर्ध्या तासात बनवून मोकळी. तिला अर्धा तास, म्हणजे मला फार तर पाऊण. जन्मभर पाटबंधारे खात्यात नकाशे बघितलेला माणूस आहे मी. लगेच तिच्या ऑनलाइन ग्रुपात अर्ज टाकला. 'उजेडघर: हातानं लॅम्पशेड बनवणाऱ्यांचा परिवार.' अर्जात प्रश्न होता: आजवर किती शेड बनवल्या? लिहिलं: मोजदाद ठेवलेली नाही. हे खरंच आहे.

५ नोव्हेंबर

ग्रुपात घेतलं. ॲडमिन मोनिका मॅडम, नाशिकच्या. बोलणं गोड, शिस्त पोलिस ठाण्याची. नव्या मेंबरला तिथं 'वात' म्हणतात. मग 'पणती'. सगळ्यात वर 'समई'. छत्तीस वर्षं नोकरी करून मी वात. ठराव: महिनाअखेर समई.

त्यांची एक रीत आहे. नवी शेड आधी घरात लावायची नाही. ती पहिल्यांदा लागणार रविवारी संध्याकाळी, व्हिडिओवर, सगळ्या परिवारासमोर. याला 'पहिला उजेड' म्हणतात. तोवर फक्त विझलेल्या शेडचा फोटो टाकायचा. मला ही रीत आवडली. शिस्त आहे.

आज वैजापूरहून सासूबाई आल्या. आवडाबाई. उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन करायचंय. दोन वर्षं नाय नाय म्हणत होत्या, रत्नमालानं पाया पडूनही पाहिलं, तेव्हा कुठं या दिवाळीत व्हय म्हणाल्या. ऑपरेशन वीस तारखेला. आल्या आल्या त्यांनी सुईची गोष्ट सांगितली. रत्नमाला पोटात असताना गोधडी शिवायला गुडघ्यावर घेतली, सुई घुसली, मोडली, टोक आतच राहिलं, ते अजून आहे. ही गोष्ट मी लग्नाच्या बोलणीपासून ऐकतोय. मान हलवत मनातल्या मनात फ्रेमचं माप काढलं.

८ नोव्हेंबर

फ्रेम तयार. मीच बनवली. म्हणजे शेजारच्या शफीकनं त्याच्या गॅरेजात तार वाकवून दोन कड्या वेल्ड केल्या, पण कड्या दोन हव्यात हे मी सांगितलं. शफीक मागच्या पावसाळ्यात दौलताबादच्या घाटात स्कूटरवरून पडला होता, तेव्हापासून जरा लंगडतो. काम करता करता विचारत होता, काकासाब, इसमें लाइट लगाके क्या करने का? सांगितलं, लोक बघतील. म्हणाला, लाइट को कौन देखता, लाइट में देखते. शफीक चांगला माणूस आहे, पण कलेतलं त्याला कमी कळतं.

हिमरूचं कापड लावणार होतो. आपल्या गावचं नाव झालं असतं. पण मोनिका मॅडम म्हणाल्या, हिमरू जाड, उजेड येणार नाही, पातळ घ्या. मग पांढरी मलमल आणली. रत्नमालानं विचारलं, हे कशाला? सांगितलं. म्हणाली, काय दिवे लावता ते दिसेलच.

१० नोव्हेंबर

आज स्वतःच स्वतःला शाबासकी दिली.

कापडाला आतून आधार लागतो. ताठ, पण उजेड जाऊ देणारं शीट. ग्रुपातले लोक ते कुठून कुठून मागवतात. मी घरात नजर फिरवली. पाटबंधारे खात्यात हेच शिकलो, जे आहे त्यातून पाणी काढायचं. कपाटावर एक मोठं खाकी पाकीट धूळ खात पडलं होतं. आत एक्स-रेच्या फिल्मा, चार, सासूबाईंच्या मागच्या वर्षीच्या. ताठ, लवचिक, उजेड आरपार. आणि कुणाच्याही कामाच्या नाहीत, कारण गुडघा काय, तो बाईबरोबर चालत आलेलाच आहे.

चारी फिल्मा एकमेकींना जोडून गोल वाकवल्या, वरून मलमल, भरपूर फेविकॉल. हात चिकटले, केस चिकटले, पण शेड उभी राहिली. विझलेला फोटो टाकला. खूप लाइक आले. मोनिका मॅडमनी विचारलं, आत शीट कोणतं वापरलं? लिहिलं, आमच्याकडची पारंपरिक पद्धत आहे, गुप्त ठेवतो. कोल्हापूरच्या एका ताईंनी हात जोडल्याचं चित्र पाठवलं.

माझा पहिला उजेड तेवीस तारखेला. रविवार, संध्याकाळी सात.

१२ नोव्हेंबर

सकाळी रत्नमाला स्टुलावर चढून कपाटावर हात फिरवत होती. विचारलं, काय शोधतेस? म्हणाली, आईचे एक्स-रे. डॉक्टरांना जुने बघायचेत, नव्याशी ताडून, त्याशिवाय हात लावणार नाहीत म्हणाले.

मी म्हणालो, असतील तिथंच.

दुपारपर्यंत तिनं पलंगाच्या पेटीतल्या गाद्या उपसल्या, देवघराचा खालचा कप्पा बघितला, माझ्या जुन्या फायली झटकल्या. मी पण शोधलं. मन लावून शोधलं. शेड टेबलावर होती, तिच्याखाली सुद्धा बघितलं.

संध्याकाळी सासूबाईंनी पिशवी भरायला घेतली. म्हणाल्या, सापडंना, म्हंजी देवाच्या मनात नाय, मला सकाळच्या एसटीत बसवून द्या. रत्नमालाचा चेहरा बघवेना. म्हातारीला निमित्तच हवं होतं. ती एकदा वैजापूरला गेली की परत यायची नाही, मग जन्मभर भिंत धरून चालणार, हे रत्नमालाला ठाऊक आहे. मलाही ठाऊक आहे.

सरळ उपाय एकच. शेड फाडायची. पण रविवार जाहीर झालेला आहे.

१३ नोव्हेंबर

सासूबाईंना दोन दिवस थांबवून घेतलं. सकाळी रत्नमाला मंडईत गेली तेव्हा शेडची एक कड वाफेवर धरली. मलमल जराशी सुटली, फिल्म नाही. ओढली असती तर फाटली असती. त्या फेविकॉलला मानलं पाहिजे. मलमल परत चिकटवली.

मग जिथं एक्स-रे काढले होते तिथं गेलो. काउंटरवरची मुलगी म्हणाली, मशीन बदललं, जुनं काही मिळणार नाही. मी कलाकार असल्याचं सांगून बघितलं. तिनं पुढच्या माणसाला बोलावलं.

परतताना शफीकच्या गॅरेजवर चहा घेतला. तो उठला, गुडघ्यावर हात ठेवून उठला, आणि मला प्रकाश दिसला.

१४ नोव्हेंबर

शफीककडं त्याच्या गुडघ्याचे दोन एक्स-रे होते. उजव्याच. पडला तेव्हाचे. त्याला म्हटलं, प्रकाशाचा अभ्यास करायचाय, आठवड्यात देतो. दे दिया, म्हणाला, मेरा कौन पूछता.

घरी आल्यावर ज्या कोपऱ्यावर त्याचं नाव होतं तेवढा कोपरा कात्रीनं उडवला. फिल्मा जुन्या खाकी पाकिटात घातल्या. पाकीट दिवाणाच्या मागं टाकलं, आणि मग सगळ्यांदेखत शोधून काढलं.

रत्नमालाच्या डोळ्यात पाणी आलं. गेल्या कित्येक वर्षांत तिनं माझ्याकडं असं बघितलं नव्हतं. मग तिनं कोपरा बघितला. म्हटलं, उंदीर. दोन फिल्मा कमी आहेत? त्या पण उंदीर. सासूबाईंनी तोंड वाकडं करून पिशवी रिकामी केली.

गुडघा शेवटी गुडघाच असतो. माणसाच्या शरीरात उगीच जास्त फरक देवानं ठेवलेला नाही. प्रश्न सुटला.

संध्याकाळी रत्नमालानं माळ्यावरून उंदराचा पिंजरा काढला आणि त्यात भजं लावलं.

१७ नोव्हेंबर

प्रश्न सुटला नाही.

डॉक्टरांनी पाकिटातल्या फिल्मा पांढऱ्या दिव्यावर लावल्या. बाजूला आजचा नवा एक्स-रे. बराच वेळ बघत राहिले. मग विचारलं, हा मागच्या वर्षीचा? रत्नमाला म्हणाली, हो. म्हणाले, मागच्या वर्षी आजींचा गुडघा चाळिशीतल्या माणसासारखा होता.

मी म्हणालो, खाणंपिणं चांगलं आहे त्यांचं.

डॉक्टर हसले नाहीत. म्हणाले, वयानं झीज होते ती हळूहळू होते. एका वर्षात हाड एवढं खराब होत असेल तर कारण वेगळं असू शकतं. जंतुसंसर्ग असेल. किंवा. पुढं ते बोलले नाहीत, रत्नमालाकडं बघून थांबले. वीस तारखेचं ऑपरेशन रद्द. आधी रक्त, मग हाडांचा स्कॅन, मग बघू.

आणि एक गोष्ट, म्हणाले. नव्या एक्स-रेमध्ये सुईचं टोक दिसतंय, जुन्यात नाही. वर्षभरात ही सुई कुठून आली? घरी कुणी काही टोचलं होतं का? आणि आमच्या दोघांकडं आळीपाळीनं बघितलं.

सासूबाई म्हणाल्या, डाक्टर, ही रत्नी पोटात होती तवाची सुई हाय ती. डॉक्टर म्हणाले, आजी, जुन्या फोटोत नाहीये. सासूबाई म्हणाल्या, मग फोटूत चूक आसंल, माझ्या गुडघ्यात नाय.

बाहेर आल्यावर रिक्षात मी एकदा म्हटलं, हवा बदलली आहे.

१८ नोव्हेंबर

सांगून टाकायचं. ठरलं. दुपारी चहाच्या वेळेला सांगणार होतो, तेव्हा रत्नमाला फोनवर बहिणीशी बोलत होती. 'किंवा' म्हणाले आणि थांबले गं, एवढंच परत परत सांगत होती. नंतर सांगणार होतो, तेव्हा ती मोरीचा नळ सोडून रडत होती. नळ सोडला की ऐकू येत नाही असं तिला वाटतं.

माणूस रडत असताना सांगणं बरं नाही. शांतपणे विचार केला. रविवारी पहिला उजेड. तो झाला की मी समई. मग माझ्या बोलण्याला घरात वजन येईल, तेव्हा सगळं नीट समजावून सांगता येईल. पाच दिवसांचा तर प्रश्न आहे. रक्त तपासून घेतलेलं वाईट नसतं कधी.

ग्रुपात मोनिका मॅडमनी माझ्या नावाचं पोस्टर टाकलं. 'छत्रपती संभाजीनगरहून काकासाहेब: पारंपरिक गुप्त पद्धत.'

झोप नाही.

२० नोव्हेंबर

आज ऑपरेशन झालं असतं.

सासूबाईंनी सकाळी नथ काढून रत्नमालाच्या हातात दिली. ठिव म्हणाल्या, नंतर शोधत बसशील. रत्नमाला ती घेईना. दोघींची ओढाताण चालली होती, मी पेपर वाचत होतो. एकच बातमी वाचत होतो.

नंतर रत्नमाला दुकानात गेली तेव्हा सासूबाई पाय ओढत माझ्यासमोर येऊन बसल्या. जावईबापू, म्हणाल्या, खरं सांगा. डाक्टर काय म्हणला? रत्नी सांगत नाय. तुमी शिकल्याले, तुमी खोटं बोलत नसता. मला मरायचं भ्या नाय, पण आधी ठावं पायजे, वैजापूरला घराची किल्ली शेजारणीकडं हाय.

तोंड उघडलं सुद्धा होतं. शेड समोरच टेबलावर, पांढरीशुभ्र. म्हणालो, काही नाही आत्याबाई, नेहमीच्या तपासण्या आहेत.

त्या बरं म्हणाल्या. जाताना भिंत धरून गेल्या. मला माझी लाज वाटली, हे इथं लिहून ठेवतो, कारण डायरीत खरं लिहायचं असं ठरलं आहे.

पिंजऱ्यात अजून काही सापडलं नाही. रत्नमाला म्हणते, लई हुशार उंदीर आहे.

२२ नोव्हेंबर

रक्ताचा रिपोर्ट बरा आहे, पण डॉक्टर म्हणतात त्यावरून काही ठरत नाही. स्कॅन मंगळवारी. सासूबाई म्हणाल्या, स्कॅन नाय, बिन नाय, मी सोमवारच्या एसटीनं जाती, मरायचं तर माझ्या दारात मरती. रत्नमाला जेवली नाही.

म्हणजे माझ्याकडं फक्त रविवार आहे. बरोबर बसतंय. सात वाजता उजेड, साडेसातला सत्य. भाषणही तयार केलं. सुरुवात कलेपासून, मग त्यागावर, मग हळूच फिल्मांवर.

सगळ्यांना बोलावलं आहे. घरात जरा आनंद हवा. शफीकला पण सांगितलं, फ्रेम त्यानं वाकवली आहे.

२३ नोव्हेंबर, रविवार, दुपार

शेड स्टँडवर चढवली. आत मोठा बल्ब. लावून बघायचा लई मोह झाला. पण नियम म्हणजे नियम. हात मागं घेतला. माझ्यातला शिस्तीचा माणूस अजून जिवंत आहे, याचं समाधान वाटलं.

२४ नोव्हेंबर, सोमवार, सकाळ

काल काय झालं ते क्रमानं लिहितो.

सात वाजता मोबाइल टेबलावर उभा केला, मागं टेकायला उंदराचा पिंजरा. खोलीतले दिवे मालवले. सासूबाई खुर्चीत, पाय स्टुलावर. रत्नमाला त्यांच्या शेजारी, माझ्या शब्दाखातर पाच मिनिटं बसते म्हणाली होती. शफीक दाराशी. मोबाइलात सगळा परिवार. मोनिका मॅडम म्हणाल्या, काकासाहेब, करा उजेड. मी बटण दाबलं.

मलमल दिसेनाशीच झाली. निळसर काळ्या अंधारात पांढरी हाडं लागली. एक समोरून, एक बाजूनं, परत एक समोरून. गोल.

मोबाइलमधून कुणीतरी म्हणालं, वा, झाडाची खोडं आहेत का? मोनिका मॅडम म्हणाल्या, काकासाहेब, कल्पना समजावून सांगा. मी भाषणाला घसा खाकरला. कोल्हापूरच्या ताई म्हणाल्या, अहो खोडं कसली, तो गुडघा आहे, मी तीस वर्षं दवाखान्यात काढली.

सासूबाई खुर्चीतून पुढं वाकल्या. हाडाच्या शेजारी एक बारीक रेघ लखलखत होती. त्यांनी बोट केलं. रत्ने, ती बघ माझी सुई.

रत्नमाला उठली. शेड तिनं दोन्ही हातांनी धरली आणि हळूहळू फिरवली. एका कडेला सासूबाईंचं नाव होतं, उलट्या अक्षरांत, पण वाचता येत होतं. नाव वाचलं. मग तिनं पिंजऱ्याकडं बघितलं. मग माझ्याकडं. मला तेव्हा तिनं ओरडावं असं फार वाटत होतं.

ओरडली नाही. तेवढ्यात शफीक दारातून म्हणाला, तो फिर काकासाब, मेरा घुटना किदर गया?

आता सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं, तरी मी सांगितलं. डॉक्टरांनी बघितलेला चांगला गुडघा शफीकचा. हा त्यांचा. आत्याबाई, म्हटलं, तुमचा गुडघा मागच्या वर्षी पण असाच होता. दुसरं काही नाही. कधीच नव्हतं.

सासूबाईंनी विचारलं, म्हंजी मला ते दुसरं काय नाय? मी म्हणालो, नाही. त्यांनी परत विचारलं. मी परत सांगितलं. मग त्यांनी पदर तोंडाला लावला आणि रडायला लागल्या. मला वाटत होतं त्या घाबरत नाहीत. रत्नमाला त्यांच्या पायाशी बसली, आणि दोघी एकमेकींना धरून रडल्या, त्या उजेडात. मी बल्ब विझवू की नको ते कळेना.

व्हिडिओ सगळा वेळ चालू होता. शेवटी मोनिका मॅडम हळू आवाजात म्हणाल्या, पुढची शेड घेऊ या का.

एकूण प्रतिसाद संमिश्र.

सासूबाई आज एसटीनं गेल्या नाहीत. रत्नमाला माझ्याशी बोलत नाही. चहा मिळाला, पण पुढ्यात आदळून.

२५ नोव्हेंबर

शेड दवाखान्यात नेली. चिकटलेल्या फिल्मा सुटेनात, म्हणून सबंधच. रिक्षात मांडीवर धरून बसलो. वेटिंगमधल्या एका बाईनं विचारलं, कुठं घेतली? छान आहे. मी सांगणार होतो, पण रत्नमालानं बघितलं.

डॉक्टरांना सगळं तिनंच सांगितलं. मला उद्देशून एक शब्द नाही, सगळीकडं 'ह्यांनी'. डॉक्टरांनी शेड टेबलावर ठेवली, प्लग लावला, बोटानं फिरवत फिरवत बघितली. एकदा फिरवली, दोनदा फिरवली. म्हणाले, मागच्या वर्षीही हीच झीज, सुई पण आहे. वयाचं आहे आजी, दुसरं काही नाही. शुक्रवारी करून टाकू. सासूबाई म्हणाल्या, म्या म्हणलंच व्हतं, फोटूत चूक हाय.

मग डॉक्टरांनी मला विचारलं, तुम्ही काय करता? रत्नमाला म्हणाली, रिटायर झालेत. डॉक्टरांनी मान हलवली, जणू निदान पटलं.

जुन्या फिल्मा केसपेपरबरोबर ठेवाव्या लागतात, म्हणून शेड त्यांनी ठेवून घेतली. म्हणजे माझी पहिली कलाकृती कायमस्वरूपी संग्रहात गेली असं म्हणायला हरकत नाही. निघताना वळून बघितलं तर एका पोऱ्यानं ती रॅकवर उलटी ठेवून तिच्यात बँडेजचे रोल भरले होते.

२७ नोव्हेंबर

उजेडघराचा निर्णय आला. माझी शेड धरली नाही. मी वातच. शिवाय नियमावलीत नवा नियम घातला आहे: शेडसाठी वापरलेली प्रत्येक वस्तू घरातल्या माणसांना विचारून घेतलेली असावी. म्हणजे परिवाराच्या नियमांत माझा वाटा आहे. सगळे मेंबर रोज विचारतात, आवडाबाई कशा आहेत? मी कसा आहे, कुणी विचारत नाही.

कोल्हापूरच्या ताईंनी खाजगीत लिहिलं, अहो, आम्ही सगळे आधी घरी मोबाइलचा टॉर्च आत धरून बघतो हो. नियम असला तरी कोण पाळतं.

शफीकचे एक्स-रे परत दिले. त्यानं कापलेला कोपरा बघितला. म्हणाला, जाने दो, घुटना तो पूरा है.

११ डिसेंबर, गुरुवार

ऑपरेशन चांगलं झालं. सुईचं टोक पण निघालं. डॉक्टरांनी ते छोट्या बाटलीत घालून दिलं, सासूबाई येईल त्याला दाखवतात. आज वॉकर धरून त्या ओसरीपर्यंत चालल्या. भिंतीला हात लावला नाही. रत्नमालानं नथ त्यांच्या नाकात परत घातली. मी खिडकीतून बघितलं. बरं वाटलं, फार बरं वाटलं.

रत्नमाला अजून बोलत नाही. निरोप सासूबाईंमार्फत. ह्यांना म्हणावं दूध आणा. ह्यांना म्हणावं पाय पुसा.

दुपारी सासूबाईंनी हाक मारली. जावईबापू, म्हणाल्या, पडून ऱ्हाती तर ह्यो उघडा बल्ब डोळ्यात घुसतो. त्याला कायतरी लावा की. तुमाला येतं ना.

येतं. पण या वेळी पद्धतशीर. शफीकनं तेव्हा जादा वाकवलेली एक कडी उरली होती. कागद म्हणून भिंतीवरचं मागच्या वर्षीचं कॅलेंडर घ्यायचं ठरवलं. आमच्याकडं नवं कॅलेंडर जुन्याच्याच खिळ्याला, जुन्यावर टांगतात, त्यामुळं ते खाली दबून होतं. आधी सासूबाईंना विचारलं, घेऊ का? घ्या म्हणाल्या. रत्नमालाला विचारलं. ती बोलली नाही, मान हलवली. शफीकला फोन करून विचारलं. तो म्हणाला, मेरे बाप का क्या जाता. कुणालाच नको होतं. मग ते कॅलेंडर उलटसुलट करून बघितलं, पुढं तारखा, मागं पाककृती, कुणाचं हाड नाही. टॉर्च मात्र लावायचा राहिला.

नोव्हेंबरचं पान गोल वाकवलं, चिमटे लावले, बल्बभोवती बसवलं. दिवेलागणीला बटण दाबलं. खोलीत मऊ उजेड पडला. सासूबाई म्हणाल्या, आता गुण आला. पानावर तारखांच्या चौकटींत रत्नमालाचं पेननं लिहिलेलं एकेक अक्षर उमटलं होतं. गॅस. दुधाचे खाडे. आणि अठरा तारखेच्या चौकटीत बारीक अक्षरात दोन ओळी. मी वाचल्या.

सासूबाईंनी विचारलं, काय लिवलंय वो तिथं? म्हणालो, गॅसची तारीख.

रत्नमाला दारात उभी होती. आत आली, बल्बजवळ गेली आणि वाचून दाखवलं. अठरा दिवसांत मला उद्देशून तिनं काढलेले हे पहिले शब्द, म्हणून जसेच्या तसे लिहून ठेवतो.

आईचे एक्स-रे कपाटावर ठेवलेत, पुढं लागतील. कुणी हात लावू नये, ह्यांनी तर मुळीच नाही.